नितळ पाण्याची साक्ष

१

आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये सगळं जागच्या जागी होतं. लशींच्या डब्या होत्या, थेंबांच्या बाटल्या होत्या, कंपाउंडरनं नियम धाब्यावर बसवून गार करायला ठेवलेलं सरबतही होतं. नव्हते ते फक्त पोरांच्या रक्ताचे नमुने.

"काल दुपारी मी माझ्या हातानं ठेवले होते," तरुण डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "लॅबची गाडी बाहेर उभी आहे. आज रिकामी गेली की ती पुढच्या आठवड्यातच येणार."

फौजदारबाई फ्रिजपुढे उकिडव्या बसल्या. खाणीखालच्या या गावात त्यांना सगळे फौजदारबाईच म्हणत, अगदी त्या भाजीवालीशी घासाघीस करत असल्या तरी. तपासाची त्यांची एक खोड होती. काय गेलं हे जो तो सांगतो, म्हणून त्या आधी काय राहिलं ते बघत. नमुन्यांचं स्टँड जागेवर होतं आणि त्यात एकच नळी उरली होती.

"ही कुणाची?"

"धुणंवालीच्या तान्ह्याची." डॉक्टरनं दाराकडे बघून आवाज उतरवला. "बाई, हे मी अजून कुणापाशी बोललो नाही. सगळं गाव पाण्याच्या नावानं शंख करतंय. पण नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, सगळं तपासून झालं. स्वच्छ आहे. गेलेले नमुने आहेत ते सगळे वरच्या आळीच्या बालवाडीतल्या मुलांचे. बालवाडीत न जाणारं आजारी मूल एकच, ते हे तान्हं."

फौजदारबाईंनी बर्फाचा कप्पा उघडला. तो मोकळा होता.

"इथं काही होतं?"

"बर्फाच्या पिशव्या होत्या. अरेच्चा, त्यासुद्धा नेल्या?"

खाण शिशाची होती. दगड संपला तशी कंपनी निघून गेली आणि मागे राहिली दळलेल्या दगडाची राखाडी टेकडी. इतकी वर्षं ती बिचारी मुकाट पडून होती. पण गेल्या काही महिन्यांत पोरं पोट धरून रडू लागली, पांढरी पडली, खेळ सोडून कोपऱ्यात बसू लागली. डॉक्टरला एकाच्या हिरडीवर निळसर रेघ दिसली आणि त्यानं पोरांचं रक्त घेतलं.

"शिसंच आहे, मला खात्री आहे," तो म्हणाला. "पण रिपोर्टशिवाय मोठं हॉस्पिटल हात लावणार नाही. आणि विष कुठून येतंय तेच कळलं नाही तर काय उपयोग? इकडे औषध द्यायचं आणि पोराला परत त्याच विषात सोडायचं."

फौजदारबाई उठून उभ्या राहिल्या. गेलेल्या नळ्यांत एक त्यांच्या लेकीची होती. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही काढलं नव्हतं.

"अजून एक," डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाला. "ती रेघ काल मला तुमच्या भिंगरीच्या हिरडीवर दिसली."

२

पोरीला भिंगरी म्हणत कारण ती एका जागी म्हणून ठरत नसे. आज ती आजोबांच्या मांडीवर पडून होती आणि हलत नव्हती. फौजदारबाईंनी तिचा ओठ हळूच वर केला. रेघ होती. पेन्सिलीनं कुणी हलक्या हातानं ओढावी तशी.  त्यांनी ओठ तसाच अलगद मिटवला.

"सापडला का चोर, सूनबाई?" आबांनी विचारलं.

"नाही. तुम्ही काल बीपी तपासायला गेला होतात ना? कुणी दिसलं तिथं?"

"माझा चष्मा कुठं धड आहे! आम्ही बाकावर बसतो, यंत्र फसफसतं, आम्ही घरी येतो."

आबा म्हणजे त्यांचे सासरे, खाणीच्या गाळणी विभागातले जुने मुकादम. नवरा परगावी नोकरीला, सासूबाई भिंगरीच्या जन्माआधीच गेलेल्या. फौजदारबाई चौकीत आणि पोर आजोबांच्या मागे, असा या घराचा गाडा चाले. बालवाडीत नेणं-आणणं आबांचं. गोष्टी सांगणं आबांचं. आणि गोष्ट कुठलीही असो, राक्षसाची का असेना, ती शेवटी गाळणी विभागात जाऊन पोचायची.

"पाण्याची गोष्ट सांग," भिंगरी पुटपुटली.

"दगड दळायचा," आबा सांगू लागले, पण त्यांचा नेहमीचा सूर लागेना. "त्याचा चिखल करायचा. चिखल जाड कापडातून दाबायचा. खालून पाणी आलं नितळ, की साहेब म्हणायचा, शाबास मुकादम! सगळा माल धरला."

बोलता बोलता त्यांनी चहाचा कप उचलला. तो बोटांतून निसटला आणि फरशीवर फुटला. अलीकडे हे वारंवार व्हायचं. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून घरात विषय संपायचा.

"मी उचलते, तुम्ही बसा."

"सूनबाई," आबा खाली बघत म्हणाले, "पोरीला दोन दिवस बालवाडीत नको पाठवूस."

"मीच ते म्हणणार होते."

काच वेचताना त्यांना कसलीतरी रुखरुख लागली. काहीतरी कानावरून गेलं होतं आणि हातात आलं नव्हतं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. लोकांनी रखवालदाराला धरलं होतं.

३

खाणीच्या फाटकावर जमाव होता आणि रखवालदार आपल्या खुर्चीला घट्ट धरून बसला होता. कंपनी गेली तरी तिनं या एका माणसाला टेकडी राखायला ठेवलं होतं. टेकडी कोण चोरणार, हा प्रश्न त्यालाही पडे, पण पगार येत होता.

"कंपनीचा माणूस आहे हा! नमुने यानंच गायब केले!" ठेकेदार सगळ्यांत पुढं ओरडत होता.

"मागं व्हा," फौजदारबाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी आलेली नाही. काल दुपारी केंद्रात गेला होतास का?"

"बोट कापलं होतं, पट्टी बांधायला गेलो." रखवालदारानं बोट दाखवलं. "बाई, फ्रिजची किल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरमागं असते हे सगळ्या गावाला माहीत आहे. मग मलाच काय विचारता?"

ते खोटं नव्हतं. कंपाउंडरनं सकाळीच कान पकडले होते. किल्ली हरवू नये म्हणून त्यानं ती अशा ठिकाणी ठेवली होती की तिथून ती कुणीही घ्यावी.

"फाटकातून आत कोण कोण येतं?"

"जुने कामगार येतात. बसतात, रडतात, जातात. त्यांना काय अडवायचं?"

बोगद्याच्या तोंडातून गार हवा येत होती. भर उन्हातही तिथं अंगावर काटा यायचा. कंपनीच्या दिवसांत कामगार पाण्याचे डबे आत ठेवत, असं आबाच सांगायचे. फौजदारबाईंनी ठेकेदाराला बाजूला घेतलं.

"तुम्हाला एवढा उमाळा कशाचा? टेकडी सपाट करून घरं बांधायची म्हणत होतात. रिपोर्ट वाईट आला तर घरं बोंबलतील. नमुने जाण्यात तुमचाच फायदा."

ठेकेदार कसनुसा हसला. "बाई, तुम्हाला धंदा कळत नाही. रिपोर्ट वाईट आला तर सरकार टेकडी हलवणार. हलवायला ट्रक कुणाचे? मी तर देवाला हात जोडतोय, रिपोर्ट येऊ दे म्हणून."

इतका निर्लज्ज माणूस खोटं बोलत नसतो. फौजदारबाईंना किळस आली, पण त्याचं नाव त्यांनी मनातल्या मनात खोडलं. त्या जीपमध्ये बसल्या आणि बर्फाच्या पिशव्यांचा विचार करू लागल्या.

पुरावा नष्ट करायचा असता तर रक्त मोरीत ओतून देता आलं असतं. या चोरानं ते गार ठेवायची सोय नेली. म्हणजे त्याला नमुने नासू द्यायचे नव्हते. त्याला फक्त वेळ हवा होता.

आणि गावभर पाण्याची ओरड चालू असताना त्यानं नेमकी बालवाडीच्या पोरांची रक्तं उचलली, तान्ह्याचं सोडलं. बालवाडीची गोष्ट डॉक्टरनं तर कुणालाच सांगितली नव्हती. विष कुठं आहे हे चोराला डॉक्टरच्या आधी कळलं होतं.

४

बालवाडीची खोली लख्ख होती. भिंतीवर रंगीत फुगे, खाली धुतलेली फरशी, माठावर झाकण. पोरं घरी धाडली होती. बालवाडीच्या ताई एकट्याच बसून डोळे पुसत होत्या.

"सगळं तपासा बाई. पाणी उकळून देते, खाऊ माझ्या हातचा असतो, तोच मीही खाते. अंगणातली माती डॉक्टरांनी नेली, तीही ठीक निघाली."

"इथलं एखादं पोर अजिबात आजारी नाही, असं आहे का?"

ताई विचारात पडल्या. मग त्यांना रडता रडता हसू आलं. "आहे ना. ढब्बू. सगळी पोरं निम्मी झाली आणि तो फुगतोच आहे."

"ढब्बू काय वेगळं खातो?"

"सगळ्यांचं खातो! स्वतःचं संपवून दुसऱ्याचं खातो."

"वेगळा खेळतो?"

"छे हो."

"मग वेगळं करतो तरी काय?"

ताई संकोचल्या. "त्याच्या आईनं कुणाला सांगू नका म्हटलंय. झोपेत त्याला होतं. म्हणून तो सगळ्यांबरोबर नाही झोपत. त्याचा रबरी कपडा आणि चादर घरून येते, तो त्या कोपऱ्यात निजतो."

"आणि बाकीची?"

"गाद्यांवर. जेवण झालं की गाद्या घालायच्या. त्यावर आधी उड्या मारतात, लोळतात, कोपरे चघळतात, मग कुठं डोळा लागतो."

फौजदारबाई ताईंच्या जवळ सरकल्या. "गाद्या कुणाकडे झटकायला जातात?"

"दर आठवड्याला धुणंवालीकडे. खोळी धुते, गाद्या अंगणात काठीनं बडवते."

"आणि तान्हं?"

"तिथंच, झोळीत. तिला दुसरं कोण आहे सांभाळायला?" ताईंच्या तोंडून शब्द निघाला आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. विहिरी उपसून झाल्या, टेकडीची धूळ मोजून झाली, आणि विष पोरांच्या गालाखाली अंथरलेलं होतं.

"दाखवा मला त्या गाद्या. आत काय भरलंय?"

"कापूस नाही, कसल्याशा जाड कापडाच्या घड्या आहेत. आल्या त्याला वर्ष होईल, एक फाटली नाही. पण आत्ता नाहीत हो. दुपारीच घेऊन गेले. ऊन दाखवून आणतो म्हणाले."

"कोण?"

ताई गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कोण म्हणजे? ज्यांनी दिल्या तेच. तुमच्या सासूबाईंच्या नावानं दिल्या होत्या, पण गाजावाजा नको म्हणाले होते. तुमचे आबा."

५

न फाटणारं जाड कापड आणि बर्फाला गार जागा, आबांच्या दोन्ही वाटा खाणीतच जात होत्या. जीप फाटकातून आत शिरली तेव्हा रखवालदार खुर्ची सोडून आधीच बाजूला झाला. बोगद्याशेजारी गाळणी विभागाची पत्र्याची शेड होती. पलीकडे उतारावर गावातली घरं, आणि वारा घरांकडेच वाहत होता.

शेडसमोर हातगाडी होती, तिच्यावर आणि खाली रंगीत गाद्यांचा ढीग. रॉकेलचा वास नाकात गेला. आबा ढिगाशी वाकून काडेपेटी ओढत होते. काडी पेटीवर घासायची, मनगट खाली लटकायचं, काडी पडायची. पायाशी न पेटलेल्या काड्यांचा सडा पडला होता. दगडाच्या राशी दाबणाऱ्या मुकादमाला एक काडी ओढवत नव्हती.

"आबा, ठेवा ती खाली!"

ते दचकले नाहीत. जणू वाटच बघत होते. "जवळ येऊ नकोस, सूनबाई. पाच मिनिटं दे. जळून जाऊ दे ही ब्याद."

"शिसं जळत नाही आबा. धुरातून सगळ्या आळीच्या नाकात जाईल. वारा बघा कुठं चाललाय."

आबांनी घरांकडे बघितलं. काडेपेटी त्यांच्या हातून आपोआपच गळली. फौजदारबाईंनी ती उचलून कमरेला खोचली आणि मगच त्यांना रडू फुटलं. राग की दुःख, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"गाळणीचं कापड आहे ना आत?"

"कंपनी बंद झाली तेव्हा आणलं होतं. मजबूत. तुझी सासू म्हणाली होती, पोरांसाठी काहीतरी करा. ती गेली, ते राहूनच गेलं. गेल्या वर्षी मी खोळी शिवून घेतल्या." आबा हातगाडीच्या दांडीवर टेकले. "मी धुतलं होतं गं! हौदात, माझ्या हातानं. पाणी नितळ येईतो धुतलं. शेवटी तर त्यात तोंड दिसत होतं."

फौजदारबाईंना सकाळी न सापडलेली रुखरुख आता सापडली.

"आबा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाणी नितळ आलं की माल कुठं असतो?"

 उभा जन्म जे उत्तर त्यांनी नव्या कामगारांना शिकवलं होतं, तेच आता सुनेला द्यायचं होतं.

"कापडात," ते म्हणाले.

 मग आबांनीच सांगितलं. परवा भिंगरीला आणायला ते लवकर गेले होते. पोरं गाद्यांवर उड्या मारत होती आणि खिडकीतल्या उन्हात धूळ उडत होती. तो राखाडी रंग त्यांनी एका नजरेत ओळखला. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या बाकावर डॉक्टरच्या तोंडून शिसं हा शब्द कानावर पडला. कॅलेंडर डोक्यावरच होतं.

"वाटलं, आधी गाद्या नाहीशा करू, मग नळ्या गुपचूप परत ठेवू. कुणाला कळणार नाही कुणी दिल्या ते. तिच्या नावानं दिल्या होत्या गं. तिच्या नावाला बट्टा नको होता."

"नळ्या कुठायत?"

"बोगद्याच्या तोंडाशी, डब्यात, बर्फात. भिंगरीची मी माझ्या उपरण्यात गुंडाळलीय." त्यांनी मान वर केली. "बालवाडीतल्या सगळ्यांच्या आहेत. दुसऱ्या कुणाच्या नाही घेतल्या."

"एक राहिली होती. धुणंवालीच्या तान्ह्याची. तिच्या अंगणात गाद्या बडवतात."

हे आबांना ठाऊक नव्हतं. ते जागच्या जागी खाली बसले.

क्षणभर फौजदारबाईंच्या मनात नको तो विचार आला. नळ्या सापडल्या म्हणायचं, चोर पळाला म्हणायचं, गाद्या कुठून आल्या कुणास ठाऊक. घर वाचेल. ताईंचं तोंड बंद करणंही अवघड नव्हतं. मग त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं.

"आबा, ते कापड तुम्ही एकट्यानं आणलं नव्हतं. अजून कुणाकुणाकडे आहे?"

आबा बोटांवर आठवू लागले. कुणाच्या दारात पायपुसणं होतं, कुणाच्या ओसरीला पडदा. एकानं पाळण्यात घातलं होतं. सगळं फक्त त्यांना माहीत होतं, कारण ढिगावर उभं राहून वाटणारे मुकादम तेच होते.

"मग तुम्हाला गप्प राहता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मलाही."

आबांनी दोन्ही हात पुढे केले. बेड्यांसाठी. मनगटं वाळल्या फांदीसारखी खाली लोंबत होती. सासऱ्यांचे हात इतके महिने रोज डोळ्यांसमोर होते आणि आपण ते म्हातारपणावर ढकलले, याची फौजदारबाईंना लाज वाटली.

"चला," त्या म्हणाल्या आणि ते हात तसेच आपल्या हातात धरले. "आधी डॉक्टरकडे."

६

लॅबची गाडी निघून गेली होती. फौजदारबाईंनी नळ्या चौकीच्या जीपमध्ये चढवल्या आणि शिपायाला रात्रीच्या आत लॅब गाठायला बजावलं. गाद्या ओल्या करून प्लास्टिकमध्ये बांधून शेडला कुलूप लावलं होतं. चोरीचा गुन्हा त्या नोंदवणार होत्या, आणि सासरे म्हणून तपास वरच्यांकडे सोपवणार होत्या. तसं त्यांनी आबांना वाटेतच सांगितलं होतं. आबांनी मान डोलावली होती.

केंद्राच्या अंगणात वरच्या आळीच्या आया जमल्या होत्या. पुढे धुणंवाली होती, तान्हं छातीशी धरून. फौजदारबाई बोलायला लागल्या, पण आबांनी त्यांना हातानं थांबवलं.

"गाद्या मी दिल्या," ते म्हणाले. "नळ्याही मीच चोरल्या. आता मी नावं घेतो. त्या त्या घरात गाळणीचं कापड आहे. झटकू नका, धुऊ नका. ओलं करून गुंडाळा आणि बाहेर काढा. मी धुतलं होतं. धुतल्यानं जात नाही."

ते एकेक नाव घेत गेले आणि एकेक बाई गर्दीतून निघून घराकडे पळत सुटली. शिव्या द्यायला कुणी थांबलं नाही. त्या नंतर येणार होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. धुणंवाली मात्र जागची हलली नाही. ती आबांकडे बघत होती. आबांना तिच्याकडे बघवत नव्हतं, पण त्यांनी नजर खाली घातली नाही.

"हे वाचेल का?" तिनं डॉक्टरला विचारलं.

"विष कुठून येतंय ते आता सापडलंय, बाई. ते थांबलं म्हणजे अर्धं औषध झालं. उरलेलं रिपोर्ट आले की सुरू करू." डॉक्टर आबांकडे वळला. "तुम्ही बाही वर करा."

आबा बाकावर बसले. तोच बाक, डोक्यावर तेच कॅलेंडर, फक्त मागे किल्ली नव्हती. दुपारपासून शेजारणीकडे असलेली भिंगरी आता आबांशेजारी पाय लोंबकळत बसली होती. डॉक्टरनं सुई टोचली, नळी भरली, कापूस दाबला.

भिंगरीनं तो कापूस निरखून पाहिला. मग आपल्या दंडावरचा कालचा दाखवला.

"आबा, तुलापण टोचलं?"

"हो."

"आपलं दोघांचं एकच आजारपण?"

आबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"मी रडले नव्हते," भिंगरी म्हणाली. "पण तू रडलास तर चालेल."

आणि आबांचा बांध फुटला. डोळे पुसायला त्यांनी हात उचलला, तो अर्ध्यातच खाली पडला. फौजदारबाई पुढे झाल्या आणि आपल्या पदरानं त्यांनी सासऱ्यांचं तोंड पुसलं, भिंगरीचं पुसत तसं.